पवनचक्की, मामी आणि शटर स्पीड

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला दोन कर भरावे लागतात. एक सरकारचा, दुसरा पाहुण्यांचा. सरकारी करात थोडीफार सूट मिळते. पाहुण्यांच्या करात मात्र भारतातून येईल त्याला पवनचक्कीसमोर उभं करून फोटो काढावाच लागतो. यंदा साताऱ्याचे मामा-मामी आले. मामा वीज मंडळातून रिटायर झालेले, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून बघून डोळे मेलेले.

रॉटरडॅमहून बोटीने किंडरडाइकला, जुन्या पवनचक्क्यांच्या गावी गेलो. कालव्याच्या एका अंगाला 1738 सालच्या विटांच्या, दुसऱ्या अंगाला 1740 सालच्या गवताने शाकारलेल्या, आणखी तीन धरून सगळ्या मिळून 19. मामांनी मान वर करून विचारलं, "किती मेगावॅट?"

म्हटलं, मामा, या वीज करत नाहीत, पाणी उपसतात. जमीन इतकी खोलात की पावसाचं पाणी आपणहून नदीत जात नाही. एक चाक फार तर दीड मीटर पाणी उचलतं, मग वरच्या कालव्यात, मग नदीत.

"म्हणजे उपसा सिंचनाचं उलटं," म्हणून मामांनी फाइल बंद केली.

मामींची फाइल मात्र आत्ता कुठे उघडली होती. नारायणपेठ, त्यावर माझं विंडचीटर, पायात स्पोर्ट शूज. त्यांची अट साधी: पवनचक्कीची गिरणी अख्खी आली पाहिजे आणि साडीचे काठही दिसले पाहिजेत. पात्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत 28 मीटर. गिरणी अख्खी घेतली की मामी तिळाएवढ्या, मामी घेतल्या की मागे नुसती भिंत. त्यात गिरणी तोंड करणार वाऱ्याकडे, फोटोवाल्याकडे नाही. इथे छान ऊन पडतं तेव्हा वारा बहुधा पूर्वेचा. म्हणजे दुपारनंतर सूर्य पश्चिमेला आणि गिरणी त्याच्याकडे पाठ करून उभी.

खरी गोम शटरची. स्पीड वाढवला की पाती जागच्या जागी थिजतात. कमी केला तर पाती छान फिरताना दिसतात, पण पदर, गवत आणि मामीही फिरताना दिसतात. "अरे, मी हलले नाही हं," मामी प्रत्येक वेळी सांगत होत्या. मामा लांबून, "ती कधीच हलत नाही," एवढंच.

तोवर एका गिरणीवाल्याने काम सुरू केलं. पात्याच्या फळ्यांवर पाय देत वर चढला, गुंडाळलेलं कापड सोडलं, दोऱ्या अडकवल्या, उतरला, ब्रेक ढिला करून पुढचं पातं खाली आणलं, परत चढला. असं चारही पात्यांना. मग मी पर्यावरणावर बोलायला लागलो. (परदेशात राहिलं की हा आजार होतो.) म्हटलं, बघा, ना डिझेल ना धूर. पूर्वी वारा सुटला की ही माणसं रात्रीबेरात्री उठायची. आता आमच्याकडेही तेच. आमच्या मीटरला दिवसभर बदलता दर. ऊन-वारा भरपूर असला की बाजारातला भाव शून्याच्याही खाली जातो, मग आमच्या घरात बायको लगबगीने वॉशिंग मशीन लावते. वारा नसला की मळके कपडे टोपलीत.

मामांच्यातला अधिकारी दुखावला. "ग्राहकाने वाऱ्याची वाट बघायची? मग मंडळ कशाला?"

"वा!" मामी काठ सावरत म्हणाल्या. "आमचे दादा जन्मभर तुमच्या मंडळाची वाट बघत रात्री दोनला उठून विहिरीवर मोटर चालू करायला गेले. थंडीत, हातात बॅटरी घेऊन, पायाखाली साप आहे का बघत. त्यांचा नाही कुणी फोटो काढला."

मी तेवढ्यात, घाईघाईने, हे गिरणी चालवण्याचं कसब 2017 साली युनेस्कोच्या यादीत गेलं, असं सांगून बसलो.

"बघा," मामी मामांना म्हणाल्या, "आणि दादांना तुम्ही थकबाकीच्या यादीत घातलंत."

परतीच्या बोटीपर्यंत मामा नदीचं बारकाईने निरीक्षण करत होते. मला मामींच्या बाजूने बोलायचं होतं, पण मुक्काम अजून आठवडाभर होता आणि मामांना रोज वरण-भात माझ्याच हातचा लागत होता.

बोटीतच मामींनी फोटो निवडला: साडीचे काठ स्पष्ट, चेहरा हसरा, पाती चारही बाजूंना स्वच्छ, थिजलेली. फॅमिली ग्रुपवर टाकला. साताऱ्याहून धाकट्या मावशीचं उत्तर लगेच आलं: "साडी सुंदर. पंखे बंद दिसतायत, तिकडेपण लाईट जाते का गं?"

मामांनी त्यावर अंगठा दिला.