टोटल लॉसमध्ये ‘देतील तेवढे घ्या’ म्हणणाऱ्या मजकुराचा प्रतिवाद

कुठे पूर आला किंवा महामार्गावर मोठा अपघात झाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास पुन्हा फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेले गाडीचे विमामूल्य) हा फक्त हप्ता ठरवण्यासाठीचा आकडा असून गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही इतकी निकामी, झाल्यावर विमा कंपनी त्या दिवसाचा बाजारभाव काढून पैसे देते, नुकसान मोजणारा सर्व्हेअर लिहील ते अंतिम असते, भंगाराचे पैसे कंपनी मनाला येईल तसे कापते, पैसे स्वीकारल्याच्या व्हाउचरवर सही केली की विषय संपतो, आणि विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोगाकडे गेल्यास वेळ फार लागतो आणि वकिलाची फी देण्यातच सगळे जाते, म्हणून देतील तेवढे घ्यावे. यातले काही अर्धसत्य आहे, काही निखालस चूक आहे.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकीचा आहे. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की टोटल लॉसच्या दाव्यापुरता आयडीव्ही हाच त्या विमा वर्षातला बाजारभाव मानला जाईल आणि त्यातून पुन्हा घसारा कापला जाणार नाही. घसारा पॉलिसी घेतानाच धरलेला असतो: गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीसाठी ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के; त्याहून जुन्या गाडीचा आकडा दोन्ही बाजूंनी संमतीने ठरवायचा. तेव्हा ‘आज अशी गाडी इतक्यालाच विकली जाते’ हा दाव्याच्या वेळी पुढे केलेला युक्तिवाद करारात बसत नाही. ओरिएंटल इन्शुरन्सविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या २००८ च्या प्रकरणात एका टाटा सुमोचा विमा ३,५४,००० रुपयांचा होता आणि कंपनीने देऊ केली ती रक्कम साधारण निम्मी होती. स्वतः मान्य केलेले मूल्य पैसे द्यायची वेळ आल्यावर नाकारण्याची ही ‘घ्यायचे तर घ्या’ वृत्ती न्यायालयाने कायद्याने चुकीची आणि नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवली.

कंपनीच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. आयडीव्हीत रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च धरलेला नसतो, त्यामुळे गाडी घेताना खिशातून गेलेली पूर्ण रक्कम साध्या पॉलिसीत परत मिळत नाही. त्यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जादा कवच घ्यावे लागते. शिवाय हप्ता हजारभर रुपयांनी कमी दिसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी संकेतस्थळावर आयडीव्हीची पट्टी स्वतःच्याच बोटाने खाली ओढलेली असेल, तर त्या कमी आकड्याचा दोष कंपनीला देता येत नाही. (हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी नेमके हेच केलेले असणार, अशी मला दाट शंका आहे.)

सर्व्हेअरबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे. पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रकमेच्या वाहन दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरचे मूल्यांकन लागते आणि त्याला वजन असते; परंतु न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा अहवाल हा अखेरचा शब्द नसल्याचे सांगितले आहे. खरी मेख वेगळ्याच ठिकाणी असते. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तरच गाडी टोटल लॉस ठरते. समजा आयडीव्ही सहा लाख आहे, म्हणजे रेषा साडेचार लाखांवर पडते, आणि अधिकृत गॅरेजचे एस्टिमेट चार लाख ऐंशी हजारांचे आहे. सर्व्हेअरने बंपर, डॅशबोर्ड, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के आणि पत्र्याच्या भागांवर वयानुसार घसारा लावून आकडा तीन लाख नव्वद हजारांवर आणला, तर टोटल लॉस उरत नाही. कंपनी तेवढेच देते आणि उरलेले नव्वद हजार मालकाने घालायचे. पॉलिसीतला ‘अटींच्या अधीन’ हा शब्दप्रयोग पुढे करून ७५ टक्क्यांची तुलना घसारा वजा केलेल्या आकड्याशी केली जाते. म्हणून वाद घालायचा तो ‘कमी दिले’ असा मोघम नव्हे, तर सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागून, एस्टिमेटमधला कोणता भाग वगळला, कोणता भाग बदलण्याऐवजी दुरुस्तीला टाकला आणि टोइंगचा खर्च धरला की नाही, हे ओळीओळीने दाखवून.

भंगाराची वजावट ही लबाडी नव्हे. आयडीव्हीतून मोडक्या गाडीची किंमत वजा करून देय रक्कम ठरेल असे पॉलिसीतच असते; त्याखेरीज कापली जाते ती अनिवार्य वजावट, १५०० सीसीपर्यंत एक हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपये. प्रश्न भंगाराची किंमत कशी काढली याचा आहे. कंपनी सांगाड्याचे दोन लाख धरत असेल, तर त्या किमतीला घेणाऱ्याची लेखी बोली मागावी, नाहीतर सांगाडा कंपनीनेच ठेवून वजावट मागे घ्यावी, अशी मागणी करावी. सांगाडा स्वतः विकायचा झाला, तर आरसी तशीच भंगारवाल्याच्या हाती देऊ नये, कारण तिच्यावरचा चासी नंबर उद्या चोरीच्या गाडीवर दिसू शकतो. गाडी कायमची निकामी झाल्याचे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

सहीबद्दल बोलायचे तर डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली एवढ्याने दाव्याचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे; मात्र ती सही फसवणूक, चुकीची माहिती किंवा दबावामुळे झाल्याचे विमाधारकाला दाखवावे लागते. विमा नियामक आयआरडीएआयनेही २०१५ मध्ये कंपन्यांना व्हाउचरचा वापर तक्रारदाराची वाट अडवण्यासाठी करू नका, असे बजावले. तरीही व्हाउचरवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहून त्याच दिवशी कंपनीला ईमेल पाठवणे शहाणपणाचे.

वकिलाच्या फीची भीती तर निराधारच आहे. विमा लोकपालाकडे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांत लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगात शुल्क दाव्याच्या रकमेवर नसून भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. आयोगात वेळ फार लागतो, ही त्या मजकुरातली एकमेव तक्रार मला मान्य आहे, आणि त्यासाठीच आधी लोकपालाकडे जावे. प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. उलट लोकपालाचा निर्णय पटला नाही तर तो तक्रारदारावर बंधनकारक नसल्याने आयोगाचे दार उघडे राहते. तिथली दोन वर्षांची मुदत तेवढी मधल्या काळात उलटू देऊ नये.