रॅमपेक्षा मोठा डेटा आणि जावाबद्दलचा एक गैरसमज

प्रोग्रामिंग करणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘जावात रॅमपेक्षा मोठा डेटा हाताळता येत नाही. स्वॅप देऊन हीप वाढवा, नाहीतर सी प्लस प्लसकडे वळा.’ (हीप म्हणजे जावाची ऑब्जेक्ट जिथे राहतात ती मेमरी, स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा.) हे खरं मानून चांगला चाललेला कोड मोडीत काढताना लोक दिसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी स्वॅपबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. जावात नको झालेली ऑब्जेक्ट काढून मेमरी मोकळी करायचं काम गार्बेज कलेक्टर करतो. पूर्ण कलेक्शनच्या वेळी कुठलं ऑब्जेक्ट वापरात आहे हे ठरवायला तो एकेका पॉइंटरमागे, म्हणजे ऑब्जेक्टच्या पत्त्यामागे, जातो. महिनोन्‌महिने कुणी न वाचलेली नोंदही त्याला गाठावीच लागते. ती स्वॅपमध्ये असेल तर तिचं पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) डिस्कवरून आत येतं आणि जागेसाठी दुसरं बाहेर जातं. सर्व्हरवर एकही विनंती येत नसताना व्हीएमस्टॅट या लिनक्सच्या कमांडचे ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत, स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने धावताना मी पाहिलेत. स्वॅप वाढवणं म्हणजे हे दुखणं लांबवणं.

‘जावात जमत नाही’ म्हणावं, तर ल्युसीन ही मजकूर शोधायची लायब्ररी जावातच लिहिलीय. तिच्या इंडेक्स फाइल मेमरी-मॅप होतात, म्हणजे डिस्कवरची फाइल मेमरी असल्यासारखी वाचता येते. डेटा हीपच्या बाहेर राहतो, कुठलं पान रॅममध्ये ठेवायचं ते ऑपरेटिंग सिस्टिम बघते, कलेक्टर तिकडे फिरकतही नाही. म्हणूनच ल्युसीनवर उभ्या असलेल्या इलास्टिकसर्च या सर्च इंजिनला निम्म्याहून जास्त रॅम हीपसाठी देऊ नये असं सांगतात. कष्ट मात्र आहेत. तिथे ऑब्जेक्ट नसतात, नुसते बाइट असतात. पॉइंटरऐवजी ऑफसेट (सुरुवातीपासून कितवा बाइट) लिहायचे आणि मांडणी स्वतः ठरवायची. पूर्वी एका बफरला २ जीबीची मर्यादा असल्याने फाइलचे तुकडे करावे लागत. २०२४ च्या जावा २२ मध्ये हीपबाहेरची मेमरी वापरायची ‘मेमरीसेगमेंट’ ही सोय कायम झाली आणि तेही टळलं.

त्याआधी डेटा खरंच मोठा आहे का, तेही बघा. दहा कोटी पूर्णांक ‘इंटिजर’च्या लिस्टमध्ये ठेवले तर प्रत्येकी १६ बाइटचं ऑब्जेक्ट आणि ४ बाइटचा संदर्भ (पॉइंटर), म्हणजे जवळपास २ जीबी. साध्या ‘इंट’च्या ॲरेमध्ये तेच ४०० एमबीत बसतात. त्यात हीप साधारण ३२ जीबीच्या पुढे नेला की संदर्भ ८ बाइटचा होतो, म्हणजे वाढवलेली जागा थोडी तिथेच खर्ची पडते.

राहिलं सी प्लस प्लस. तिथे कलेक्टर नाही, पण विखुरलेल्या नोड्सचं झाड रॅममध्ये मावेनासं झालं की शोधताना जवळपास प्रत्येक पायरीला डिस्क गाठावी लागते. म्हणून एका पानात बऱ्याच नोंदी एकत्र ठेवणारी बी-ट्रीसारखी रचना तिथेही बांधावीच लागते.