बिअरचं यीस्ट म्हणजे दह्याचं विरजण नव्हे

घरी बिअर करणाऱ्या इकडच्या मराठी मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर "तू उगाच पसारा मांडतोस" अशी पुस्ती जोडून. मजकूर थोडक्यात असा: यीस्ट जिवंत असतं, ते आपलं आपण वाढतं. दह्याला चमचाभर विरजण पुरतं, तसं वीस लिटर बिअरला थोडंसं यीस्ट पुरतं. जुने लोक कुठे स्टार्टर करत होते? (स्टार्टर म्हणजे बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट वेगळ्या भांड्यात वाढवून घेणं.) फारच वाटलं तर कोमट साखरपाण्यात यीस्ट भिजवा, फेस आला की झालं स्टार्टर. पाणी जितकं गोड तितकं यीस्ट दणकट. झाकण घट्ट लावा आणि सगळंच्या सगळं बिअरमध्ये ओता. स्टर प्लेट (स्टार्टर चुंबकाने ढवळत ठेवणारं यंत्र) वगैरे दुकानदारांचे चोचले. आणि एकदा चांगलं यीस्ट हाती लागलं की विरजणासारखं वर्षानुवर्षं पुढे चालवा.

लिहिणाऱ्याने दही पुष्कळदा लावलं असणार. बिअरबद्दल मला शंका आहे.

आधी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेतल्या घरांबद्दल आहे. इथे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली कायद्यावर सही केली, त्या कायद्यानुसार प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर घरच्यासाठी करता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा नाशिकच्या स्वयंपाकघरात हे प्रयोग नकोत.

आता मुद्द्यावर. "चमचाभर पुरतं, बाकीचं आपोआप वाढतं."

दह्यातले जीव म्हणजे बॅक्टेरिया. कोमट दुधात सोडले की ते भराभर वाढतात, आणि वाढताना जे आम्ल सोडतात तेच तर आपल्याला हवं असतं. तेच आम्ल बाकीच्या जंतूंनाही हुसकावून लावतं. त्यामुळे विरजण कमी पडलं तर दही उशिरा लागतं, एवढंच. थंडीत पातेल्याला जुना स्वेटर गुंडाळून ठेवणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

यीस्टचं तसं नाही. ती बुरशीच्या कुळातली पेशी. तिच्या आवरणाला स्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो, जो दह्याच्या बॅक्टेरियांना लागतच नाही. आणि स्टेरॉल बनवायला यीस्टला ऑक्सिजन हवा. वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) उकळून गार केलेल्या गोड काढ्यात, जो काही ऑक्सिजन असतो तो यीस्ट काही तासांत फस्त करतं. त्यानंतर एका पेशीच्या दोन झाल्या की आहे तोच स्टेरॉल दोघींत वाटला जातो, दोनाच्या चार झाल्या की पुन्हा निम्मा. वडिलोपार्जित जमिनीसारखं: वाटण्या होत होत नातवंडांच्या वाट्याला बांध तेवढा येतो. म्हणून बिअरच्या बॅचमध्ये यीस्ट साधारण तीन ते पाच पट वाढतं आणि थांबतं. हवं तेवढं वाढत बसत नाही.

मग किती टाकायचं? प्रचलित हिशोब असा की एलसाठी (उबेत आंबणाऱ्या बिअरसाठी) दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला साडेसात लाख पेशी. अंश प्लेटो म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये किती ग्रॅम अर्क विरघळलाय ते. २० लिटर, १२ अंशांचं वर्ट (हायड्रोमीटर या घनता मोजणाऱ्या नळीवर साधारण १.०४८) धरलं तर १८,००० कोटी पेशी होतात. लागरला (थंडीत आंबणाऱ्या बिअरला) दर दुप्पट, म्हणजे ३६,००० कोटी. आणि द्रव यीस्टच्या पाकिटात असतात सुमारे १०,००० कोटी, तेही ताजं असताना. जुना ठोकताळा म्हणतो की फ्रिजमध्येसुद्धा महिन्याला पाचवा हिस्सा मरतो. हल्लीची पाकिटं याहून बरी टिकतात असं बरेच जण सांगतात, पण तारीख बघितल्याशिवाय मी पाकीट उचलत नाही.

का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी म्युनिकच्या पद्धतीची हेल्स, म्हणजे फिकट लागर, करायला घेतली. तीन महिने जुनं एकच पाकीट होतं, पाहुणे ठरलेले होते, आणि "वाढेल की" असं मीही म्हणालो. जिवंत पेशी असतील पाचेक हजार कोटी, म्हणजे गरजेच्या सातव्या हिश्श्याइतक्या. तीन दिवस एअरलॉक (आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी नळी) गप्प. चौथ्या दिवशी सुरू झालं ते रखडत रखडत. महिन्याभराने चाखली तर वास थेट थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा. हा डायअसिटिल. यीस्ट वाढताना जी उपउत्पादनं सोडतं त्यातूनच तो तयार होतो, आणि थकलेल्या पेशींना तो परत शोषून घेण्याइतकी ताकद उरत नाही. नेलपॉलिशसारखा वास, घशाला लागणारी जड अल्कोहोलं, हेही बरंचसं याच ओढाताणीच्या वाढीतून येतं. दह्यात वाढ म्हणजेच चव. बिअरमध्ये वाढीचा बराच भाग आधी दुसऱ्या भांड्यात उरकून घ्यायचा असतो, आणि त्या भांड्यालाच स्टार्टर म्हणतात.

"जुने लोक कुठे स्टार्टर करत होते?" करत नव्हते, कारण आधीच्या बॅचचा फेस किंवा तळाचा गाळ ते भांडं भरून टाकत. ते चमचाभर कधीच नव्हतं. आणि तरी बॅचेस नासायच्या. कोपनहेगनला कार्ल्सबर्गची बिअर जंगली यीस्टमुळे बिघडू लागली, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेतले एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं: थेंबभर वर्टमध्ये, मग थोड्या मोठ्या भांड्यात, मग त्याहून मोठ्या. पायरीपायरीने वाढवणं म्हणजे स्टार्टर नाही तर काय? आज जगभर प्यायली जाणारी लागर त्याच रस्त्याने आली आहे.

साखरपाण्याचा मुद्दा नान आणि पावाच्या पाककृतींतून इकडे आला आहे. तिथे तो बरोबरच आहे, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की यीस्ट जिवंत आहे का. फेस त्याचं उत्तर देतो. पेशी किती आहेत, हे फेसाला विचारून उपयोग नाही. चतुर्थांश जिवंत आणि पाऊण मेलेलं यीस्टही फेसाळतं. शिवाय नुसत्या साखरपाण्यात नायट्रोजन नाही, झिंक नाही, नवी पेशी बांधायला माल कुठून आणायचा? त्यात साध्या साखरेवर पोसलेलं यीस्ट माल्टोज पचवण्याची यंत्रणा बंद करून बसतं, आणि वर्टमधली निम्मी साखर तर माल्टोजच असते. शिऱ्यावर वाढवलेल्या मुलाला एकदम भाकरी वाढावी, तसं होतं.

म्हणून स्टार्टर माल्टचाच. लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या काढ्याची पूड), दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, गार करायचं, मग यीस्ट. घनता १.०३७ च्या आसपास येते. उकळताना फ्लास्कपाशीच उभं राहा. अरुंद गळ्याच्या फ्लास्कमधून ते दुधासारखं उतू जातं, फक्त दुधापेक्षा जास्त चिकट.

यातूनच "जितकं गोड तितकं दणकट" याचंही उत्तर मिळतं. नाही. फार गोड वर्टमध्ये पेशींवर ताण येतो, त्या कमी वाढतात आणि अल्कोहोल जास्त करतात. तालमीत पहिल्याच दिवशी शंभर किलो उचलायला लावून पैलवान घडत नाही.

स्टर प्लेटबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य. चुंबकाने सतत ढवळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हवा आत येते, वाढ जास्त होते. दीड-दोन लिटरमध्ये ताज्या पाकिटाच्या साधारण दुप्पट पेशी मिळतात. पण ती नसेल तर अडत काही नाही. चार लिटरच्या बरणीत लिटरभर वर्ट घ्या, यीस्ट टाकायच्या आधी बरणी फेसाने भरेपर्यंत जोरात हलवा, पुढेही येता-जाता हलवत राहा. माझी स्टर प्लेट तर जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर हार्ड डिस्कमधलं चुंबक चिकटवून केलेली आहे, त्यामुळे माझ्या जिवावर तरी कोणी दुकानदार श्रीमंत झालेला नाही. झाकणाचं मात्र अजिबात ऐकू नका. काचेच्या बरणीचं झाकण घट्ट लावलंत तर आतल्या वायूने बरणी फुटेल, आणि काचेचे तुकडे कुठवर जातील सांगता येत नाही. तोंडावर सैल फॉइल ठेवा. जंतू उड्या मारून, वळसा घेऊन वर चढत नाहीत.

सगळं ओतायचं का? स्टार्टरचं पाणी चाखून बघा, उत्तर तिथल्या तिथे मिळेल. उबेत, हवेत ढवळलेली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नसलेली शिळकट बिअर ती. लागरसाठी दोन लिटरचा स्टार्टर असेल तर तो एक-दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवावा, यीस्ट तळाला बसलं की वरचं ओतून द्यावं. लिटरभराचाच असेल आणि ऐन जोरात फसफसत असेल, तर तसाच सगळा टाकला तरी चालतं.

एका बाबतीत मेसेज नकळत बरोबर ठरतो. कोरड्या यीस्टला स्टार्टर लागत नाही. कारखान्यात ते भरपूर हवा आणि थेंबाथेंबाने साखर देऊन वाढवलेलं असतं, म्हणून स्टेरॉलचा साठा सोबत घेऊनच पाकिटात येतं. त्याला छोट्या स्टार्टरमध्ये घातलं तर तो साठा तिथेच खर्च होतो. ११.५ ग्रॅमचं पाकीट साध्या एलच्या २० लिटरवर सरळ भुरभुरावं. लागरला दोन.

राहता राहिलं वर्षानुवर्षं चालवायचं. तळाचा गाळ पुढच्या बॅचला वापरणं उत्तमच, मीही वापरतो. पण ब्रुअऱ्यासुद्धा बहुतेक पाच ते दहा पिढ्यांनंतर नवं यीस्ट घेतात. जंगली यीस्ट हळूच घुसतं. नेहमी तळाचाच गाळ उचलला तर लवकर खाली बसणाऱ्या पेशींचीच निवड होत जाते, आणि मग त्या काम अर्धवट टाकून बसतात. फ्रिजमधली बरणी दोन महिने जुनी झाली की मी ती थेट वापरत नाही, तिचाही स्टार्टर करतो. पाचव्या बॅचनंतर फेकून देतो.

आणि विरजणाचं तरी काय? माझं पहिलं विरजण इथे आल्यावर शेजारच्या काकूंकडून वाटीत आणलेलं. दर उन्हाळ्यात त्याला कधीतरी तार सुटते, आणि मी वाटी घेऊन पुन्हा त्यांच्या दारात उभा असतो.