रिकामा रॉड उचलणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका

आज संध्याकाळी जिममध्ये जे बघितलं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. मोठी पोस्ट होणार आहे, वाचा.

एक नवीन मुलगा आहे, नुकताच यायला लागलेला. रॅकमध्ये नुसता रॉड खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठका, मारत होता. मन लावून. खाली जाताना आरशात गुडघे बघायचा, वर आला की पायांमधलं अंतर परत नीट करायचा. मागे दोन जुने मेंबर उभे. "काय रे, अजून वॉर्मअपच चाललाय का? लोड टाक की जरा!" आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता दोन्हीकडून प्लेटा चढवून मोकळे. दुसऱ्या रेपला, म्हणजे दुसऱ्यांदा खाली-वर करताना, त्याचे गुडघे आत आले, तिसऱ्याला कंबर गोल झाली आणि रॉड धाडकन सेफ्टी पिनांवर, म्हणजे रॉड अडवायला रॅकमध्ये लावतात त्या आडव्या दांड्यांवर. पिना लावलेल्या होत्या म्हणून निभावलं. आणि एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता! पोरगं लाल झालं, बॅग उचलली आणि एक शब्द न बोलता निघून गेलं. ट्रेनर काउंटरला टेकून हे सगळं बघत होता.

मी बोलले त्या दोघांना. चांगलं बोलले. तर म्हणे, "ताई, मस्करी केली हो, एवढं काय मनावर घेताय."

घेणार मनावर. कारण मला माझी आई आठवली.

आई साठी उलटल्यावर जिमला आली. त्याआधी घरात पडली होती, मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण भीती बसली ती बसलीच. खाली बसली की उठताना हात टेकायची, कशाला तरी धरायची, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की मुद्दाम तिथेच बसून राहायची. पहिल्या दिवशी तिच्या हातात रॉडसुद्धा नव्हता, हलकी काठी होती. ती खांद्यावर घेऊन मागच्या बाकावर बसायचं आणि उठायचं, एवढाच व्यायाम. तेव्हाही कोणीतरी हसलं होतंच. आईने ऐकलं. सेट पूर्ण केला, घाम पुसला आणि मला विचारलं, "आता किती वेळ थांबायचं?"

तुम्ही ज्याला रिकामा रॉड म्हणता ना, त्याचंच वजन 20 किलो असतं. बायकांचा रॉड असला तरी 15. ते खांद्यावर घेऊन मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचं आणि पाठ न मोडता वर यायचं, हे ज्याला जमतं त्याने काहीतरी कमावलेलं असतं. त्यात हसण्यासारखं काय आहे?

नवा माणूस उचलतो ते वजन पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं. तेवढ्यात स्नायू फार मोठे झालेले नसतात. मेंदू आणि नसा शिकतात, स्नायूंचे जास्त तंतू एकदम कामाला लावायला लागतात. स्नायू मागून भरतात, आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश. म्हणजे उचलण्याची ताकद आलेली असते, पण सांध्याजवळचं बांधकाम अजून ओलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला "लोड टाक" म्हणून डिवचतो. नंतर खांदा धरला, गुडघा दुखला की तो जिम सोडतो आणि हेच लोक म्हणतात, "त्याच्यात दमच नव्हता." संताप येतो मला याचा.

हो, आयुष्यभर तेच हलकं वजन हलवत राहिलं तर ताकद वाढणार नाही, हे मान्य. वाढवायचंच असतं. पण कधी वाढवायचं हे उचलणारा ठरवेल, मागे उभा राहणारा नाही.

आईची एक वही आहे. पेन्सिलीने लिहिते. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, आणि शेवटी एक रकाना तिने स्वतःच पाडलाय: "घाई केली का?" त्यात बहुतेक दिवशी "नाही" असतं. ज्या दिवशी "हो" असतं, त्याच्या पुढच्या वेळी वजन तेवढंच. सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी तिची लाडकी. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात. सगळ्या रेप्स स्वच्छ निघाल्या आणि शेवटी आणखी एक-दोन निघाल्या असत्या असं वाटलं, तरच ती जोडी चढते. जीव जाईपर्यंत प्रत्येक सेट मारायची गरज नसते हो. तिला हे कळलं, आपल्यातल्या कितीतरी जणांना अजून कळायचंय.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलोर्म नावाचा अमेरिकन लष्करातला डॉक्टर जखमी सैनिकांच्या पायांत वजनांच्या व्यायामाने परत ताकद आणत होता, 1945 मध्ये त्याने ती पद्धत छापली. पुढे त्याने तीन सेट ठरवले: दहा रेप्स जेमतेम निघतील अशा वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. आपण तीन सेट, दहा रेप्स करतो, त्याचं मूळ तिथे आहे. त्या सैनिकांना कोणी "एवढंच का?" म्हणून हसलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आणि 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वयाच्या मूठभर लोकांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आईला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मग माझ्याकडे भरपूर वेळ आहे."

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या दोघांचंही खरं सांगायचं तर ते वाईट नाहीत. बेंचवर कोणी अडकलं की पहिले तेच धावतात. त्यांच्या सुरुवातीलाही त्यांना कोणीतरी असंच डिवचलं असणार, तीच रीत पुढे चाललीय. पण मग ती आपल्यापाशी थांबायला नको का? ज्याला दीडशे किलो उचलता येतं, त्याने नवख्याला एवढं तरी सांगावं: पोटात श्वास भर, पोट घट्ट कर, मग खाली जा. रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. प्लेटा घसरू नयेत म्हणून लावतात ती कॉलर लावल्याशिवाय रॉड काढू नकोस. पिना कुठल्या भोकात लावायच्या ते मी दाखवतो, ये. दोन मिनिटांचं काम आहे.

आई आता जमिनीवर बसते आणि हात न टेकता उठते. परवा पाहुण्यांसमोर उठली आणि कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. माझं गेलं. ती बोलायलाही लागलीय. पूर्वी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणारी बाई मागच्या आठवड्यात ट्रेनरला शांतपणे म्हणाली, "आज वजन वाढवणार नाही. झोप झालेली नाही माझी." ट्रेनर गप्प. हे "नाही" त्या मुलाला आज म्हणता आलं नाही, आणि त्याचं वय बघता ते त्याच्याकडून अपेक्षित धरणंच चूक आहे. ते म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ न देणं हे ट्रेनरचं काम होतं. त्याच्याशी उद्या बोलणार आहे, जिमच्या मालकांशीही. परवानगीशिवाय कोणाचं शूटिंग करायचं नाही, अशी पाटी लागलीच पाहिजे.

आणि जिम चालवणाऱ्या माझ्या यादीतल्या सगळ्यांना एक विनंती. सव्वा किलोच्या प्लेटा घ्या. दोन नाही, भरपूर घ्या. आणि त्या कुठल्यातरी कोपऱ्यात मॅटखाली टाकू नका, रॅकच्या शेजारी, हाताशी येतील अशा लावा. आईला दर वेळी शोधाव्या लागतात.