तो हट्ट नाही

ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांबद्दलच्या एका लेखात एक मुख्याध्यापिका म्हणतात, ‘स्वमग्न मुलांचे पालक सारखे तक्रारी करतात’. ते वाक्य वाचून राहवलं नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वमग्न. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहून मदत करणारी ताई. तिचा पगार आम्ही भरतो, नेमते मात्र शाळा. वर्षभरात ही तिसरी ताई. त्याला मधल्या सुट्टीचा गोंगाट सोसत नाही, घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला वर्गाबाहेर न्या, एवढंच मी लिहून दिलं होतं. तो कागद नव्या ताईंपर्यंत पोचलाच नाही. मग तो कान दाबून किंचाळला की डायरीत शेरा येतो, ‘हट्टी आहे’. अहो, हट्ट नाही तो, त्रास होतोय त्याला! ताईंवर राग नाही माझा, त्यांना कुणी शिकवलंच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाणही सांगितलं. आमच्याकडे विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. संध्याकाळी डबा उघडावा तर तसाच भरलेला, आणि दिवसभरात काय झालं ते त्याला सांगता येत नाही.