गोन्सालो आणि बाकीचे पंचवीस

वसईकरांना आवडणार नाही, तरी लिहितो. संत गोन्सालो गार्सियाला आपण एकटं पाडलंय.

त्याचा सण आला की फलक लागतात, 'पहिले भारतीय संत'. त्यात खोटं काही नाही. १८६२ साली नववे पायस पोप असताना त्याला संतपद मिळालं. आजही कुणी केरळच्या संत अल्फोन्साला पहिली भारतीय संत म्हटलं की आपल्या ग्रुपवर लगेच दुरुस्ती येते (बहुतेक वेळा माझीच). पण त्या दिवशी संतपद एकट्या गोन्सालोला मिळालं नव्हतं. एकाच टेकडीवर, एकाच सकाळी क्रुसावर गेलेले सव्वीस जण होते ते. पंचवीस नावं आपण गाळली.

हे मला वसईच्या किल्ल्यात कधी सुचलं नाही, ते जिथे मारले गेले त्या जपानमधल्या नागासाकीला सुचलं. स्टेशनातून चालत थोड्या वेळात निशिझाका टेकडी येते. तिथे १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे, कांशाच्या सव्वीस माणसांची एक रांग. सगळ्यांचे पाय अधांतरी, नजरा वर. मी अर्थातच आधी 'आपला' शोधायला लागलो. तो सापडेपर्यंत बाकीच्यांकडे बघावंच लागलं, आणि मग मध्येमध्ये पोरं दिसली. लुईस इबाराकी, वय बारा. आंतोनियो तेरा. तोमास कोझाकी चौदा, आणि त्याच रांगेत त्याचा बाप मिगेल. तोमासनं वाटेतून आईला लिहिलेलं पत्र बापाच्या कपड्यांत रक्ताळलेलं सापडलं, असं सांगतात. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक आपला, आणि बाकी वीसच्या वीस जपानी. त्यांत सुतार होता, तलवारी घडवणारा होता.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे पायी पिटाळलं. निघाले तेव्हा चोवीसच होते. कैद्यांची सेवा करायला दोघं बरोबर चालत होते, शिपायांनी त्यांनाही धरून ओळीत घातलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला सगळ्यांना भाल्यांनी भोसकलं. ते दोघं माझ्या मनातून जात नाहीत. हुकूमनाम्यात त्यांचं नावही नव्हतं.

आपण सांगतो त्या गोन्सालोत हा जमाव नसतोच. खरं तर त्याचं आख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या सोबतीत गेलं. वसईच्या किल्ल्यात जेझुइट संघाच्या फादरांकडे शिकला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं. त्यांनी आपल्या संघात मात्र घेतला नाही. मग व्यापार केला, चांगला चालला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तोही धर्मबंधू म्हणून. फादर नव्हताच तो, हे आपल्याकडे कित्येकांना ठाऊक नाही. त्या संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता (सव्वीसांतलेच एक) यांचं म्हणणं हिदेयोशीपुढे जपानीत मांडायचं, हे त्याचं काम. दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा माणूस. आणि आपण त्याला एकट्यालाच मखरात बसवला.

किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चबद्दल, लग्नाआधीच्या फोटोंना जमणाऱ्या गर्दीबद्दल पुन्हा कधीतरी. एवढंच सांगतो, त्याच किल्ल्यात नागेश्वर आहे, चिमाजी अप्पांचा घोड्यावरचा पुतळा आहे, आणि सणाच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाताना मला त्यात कधी परकं वाटलं नाही. गर्दी आपल्याला नवी नाही. मग आपल्या संताच्याच सोबत्यांना जागा का नसावी?

माझं मागणं साधं आहे. सणाच्या मिस्सेत सव्वीसही नावं मोठ्यानं वाचावीत. पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या वस्तीतल्या) एका काकांना हे बोललो तर म्हणाले, "अरे, ती जपानी नावं कोणाच्या जिभेवर बसणार?" मी म्हटलं, "काका, आपण रॉड्रिग्ज, परेरा, डिमेलो. चारशे वर्षांत ही बसली ना?" काका हसले, पण कबूल झाले नाहीत.

यादी देवनागरीत टाइप करून ठेवली आहे. कुठल्या धर्मग्रामाला हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो.