सांतोरिनीची वेल तहानलेली नाही

नागपुरात सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे: ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर द्राक्षवेलींना पाण्याचा थेंबही न देता उत्तम पांढरी वाइन होते, तिच्यात समुद्राचे मीठ उतरते, वेल जुनी म्हणून वाइन उत्तम, तेव्हा विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही कापूस सोडून हेच करावे. यावर विसंबून कोणी शेतात पैसा घालील, या काळजीने हे लिहितो आहे.

पाणी देत नाहीत, म्हणजे वेलीला पाणी मिळत नाही असे नव्हे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकाने तेथे राख आणि सच्छिद्र दगडाचा जाड थर पसरला. हिवाळ्यातला पाऊस आणि उन्हाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावा तो धरून ठेवतो. वारा इतका जोरकस असतो की वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत टोपलीसारखी वळवतात आणि घड तिच्या आडोशाला पिकतात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत त्या मजकुरात कुठेच नाही.

मिठाचे म्हणणेही टिकत नाही. मुळांनी जास्त मीठ ओढले तर पाने करपतात. तेथल्या असिर्तिको या द्राक्षजातीची आम्लता कडक उन्हातही टिकते, आणि खारटपणाचा जो भास होतो त्यात तिचा वाटा मोठा आहे.

जुनेपणाविषयी थोडेच. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या २०२४च्या व्याख्येनुसार ३५ वर्षांची वा त्याहून अधिक वयाची वेल जुनी. त्यात गुणवत्तेची हमी नाही. सांतोरिनीत दमलेला वरचा भाग कापून जुन्याच मुळावर नवी वेल वाढवतात. ती मुळे टिकली, कारण चिकणमाती जवळजवळ नसलेल्या त्या जमिनीत फायलोक्झेरा ही मुळांवरची कीड तग धरत नाही.

आता विदर्भ. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे सांतोरिनीच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि आपल्याकडे फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्याने घड वाढतात ते नेमके कोरड्या महिन्यांत. आपली काळी माती पावसात तुंबते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे सांगावे लागणार नाही: तो बहारासाठी, म्हणजे फुले यावीत म्हणून, काही काळ पाणी बंद ठेवून झाडाला ताण देतो, पण ताण तोडायला पाणी हाताशी ठेवूनच. द्राक्ष लावायचेच असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विहिरीला किती पाणी राहते, ते आधी मोजावे.